एसी धुवायचे नेमके किती पैसे? खान्देशातल्या घरासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे: "जळगावला आमचं दोन मजली घर आहे. तीन स्प्लिट एसी, हॉलमध्ये फॉल्स सीलिंगमधून डक्टचा मोठा एसी आणि मागच्या खोलीत कूलर. यंदा सर्व्हिसिंगचं विचारलं तर एकाने एसीमागे ३९९ रुपये सांगितले, दुसऱ्याने १,४००. तिसऱ्याने एसी धुता धुता 'गॅस कमी आहे' म्हणून वर ३,२०० मागितले. मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडे सफाईला पाचशे डॉलर सहज जातात. मग आम्ही नेमके किती द्यायचे?"

ताई, त्या तिघांनी तुम्हाला एकाच कामाचे तीन भाव सांगितलेले नाहीत. त्यांनी तीन वेगळी कामं सांगितली आणि तिन्हींना 'सर्व्हिसिंग' हा एकच शब्द वापरला. घोळ होतो तो तिथेच. गेली २२ वर्षं भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे या पट्ट्यात मी हेच काम करतो आहे. फोनवर पहिला प्रश्न कायम हाच असतो, "भाऊ, सर्व्हिसिंगचे किती?" मी उलटा प्रश्न विचारतो, "काय काय उघडायचं?" कारण पैसे उघडण्याचे, धुण्याचे आणि पुन्हा नीट बसवण्याचे असतात. त्याला लागणारा वेळ कळला की भाव आपोआप कळतो.

३९९ वाल्याचं काम बहुतेक असं असतं: जाळी काढून नळाखाली धुवायची, पुढचं झाकण फडक्याने पुसायचं, कॉइलवर, म्हणजे आतल्या पातळ पात्यांच्या नळीवर, ब्रश फिरवायचा आणि आउटडोअरवर ब्लोअरने हवा मारायची. पंधरा-वीस मिनिटांत माणूस खाली उतरतो. याला आम्ही ड्राय सर्व्हिस म्हणतो. तिचे ३०० ते ५०० रुपये वाजवी आहेत, त्यात फसवणूक नाही. पण जाळी धुण्याचं काम तुम्ही स्वतः दर पंधरा दिवसांनी करायला हवं. त्यासाठी माणूस बोलवायची गरज नाही.

त्याच्या वरचं काम म्हणजे पाण्याच्या पंपाने धुणं, ज्याला लोक जेट सर्व्हिस किंवा वेट सर्व्हिस म्हणतात. यात इनडोअरचं पुढचं कव्हर पूर्ण निघतं. पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर, प्लॅस्टिक बांधलं जातं, खाली पाणी झेलायला मोठी पिशवी लावली जाते. मग कॉइल, ब्लोअर (हवा फेकणारा आतला गोल पंखा) आणि खालचा ट्रे प्रेशरने धुतला जातो, ड्रेनच्या पाइपात पाणी सोडून तो मोकळा केला जातो, आणि आउटडोअरचं वरचं पत्र्याचं झाकण काढून तेही आतून बाहेर धुतलं जातं. एका एसीला पाऊण ते सव्वा तास लागतो. आमच्याकडे याचे सध्या दीड टनाच्या स्प्लिटला ५०० ते ८०० रुपये चालतात. जळगाव-धुळे शहरात ५५०-६००, बाहेरगावी जायचं असेल तर पेट्रोल धरून थोडे जास्त. फोमचा स्प्रे मारून धुतलं तर शंभर-दोनशे वर. फोम म्हणजे जादू नव्हे. कॉइलच्या पात्यांत चिकटलेला तेलकट थर सुटायला त्याची मदत होते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीतल्या एसीला तो घ्यावा, एरवी साधं पाणी पुरतं.

१,४०० सांगणारा माणूस बहुधा इनडोअर भिंतीवरून उतरवून, ब्लोअर बाहेर काढून, ट्रे वेगळा करून धुणार होता. हे काम दीड-दोन तासांचं आणि दोन माणसांचं आहे. १,२०० ते २,००० रुपये हा त्याचा बरोबर भाव. पण प्रत्येक एसीला, प्रत्येक वर्षी ते लागत नाही. कधी लागतं ते सांगतो. एसी चालू केल्याबरोबर ओल्या गोणपाटासारखा वास येत असेल. धुऊन महिनाही झाला नाही तोच पुन्हा पाणी गळायला लागलं असेल. किंवा मोबाइलचा टॉर्च फटीतून मारल्यावर ब्लोअरच्या पात्यांवर काळ्या मखमलीसारखा थर दिसत असेल. यातलं एकही नसेल तर जेट सर्व्हिस भरपूर झाली.

आता गॅसचं. इथे मला जरा जास्त बोलू द्या, कारण खान्देशातल्या घरांचे सगळ्यात जास्त पैसे सफाईत वाया जात नाहीत, गॅसमध्ये जातात.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. नवीन मशीन लावताना जेवढा असतो तेवढाच तो दहा वर्षांनीही असायला हवा. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे, दुसरं कारण नाही. म्हणून "दर दोन वर्षांनी गॅस भरावा लागतो" असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, "गळती कुठे आहे ते आधी दाखवा." गळती न शोधता भरलेला गॅस त्याच भोकातून पुन्हा जाणार. कधी महिन्यात, कधी वर्षात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घाणेरडा एसी आणि गॅस कमी असलेला एसी घरातल्या माणसाला सारखेच वाटतात. दोन्हींत थंडावा कमी, दोन्हींत कॉइलवर बर्फ धरतो, दोन्हींत मग तो बर्फ वितळून भिंतीवरून पाणी येतं. धुळ्याकडची मंडळी फोनवर सांगतात, "भाऊ, एसीमाईन पानी गयी ऱ्हायनं," म्हणजे एसीतून पाणी गळतं आहे. दहापैकी सात-आठ वेळा जाऊन पाहिलं तर ब्लोअर धुळीने भरलेला असतो नाहीतर ड्रेन तुंबलेला असतो. गॅस भरपूर असतो. म्हणून क्रम असा हवा: आधी धुवायचं, मग पंधरा मिनिटं चालवायचं, आणि त्यानंतरच गॅसचं बोलायचं. धुण्याच्या आधी किंवा धुता धुता गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावून "गॅस कमी" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. इन्व्हर्टर एसीत तर नुसतं प्रेशर बघून काही सांगताच येत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसं प्रेशरही बदलतं.

भुसावळला एक निवृत्त रेल्वे कर्मचारी होते. एका उन्हाळ्यात त्यांनी तीन वेळा गॅस भरून घेतला होता, दर वेळी २,५०० रुपये देऊन. चौथ्यांदा मला बोलावलं. साबणाचं पाणी लावलं, तर इनडोअरच्या मागच्या नटाशी बुडबुडे यायला लागले. फ्लेअर, म्हणजे नटाखाली बसणारं नळीचं पसरवलेलं टोक, फुटलेला होता. नळीचं टोक कापून नवा फ्लेअर केला, नट बदलला, व्हॅक्यूम मारला, वजन करून गॅस भरला. गळती काढण्याचे माझे ६०० रुपये झाले, वर गॅसचे. त्यांच्या ७,५०० रुपयांतला एक रुपयाही त्या नटाला लागला नव्हता. ते शांतपणे ऐकत होते, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

खरोखर गॅस भरायची वेळ आली तर चार गोष्टी तुमच्यासमोर व्हायला हव्यात. नायट्रोजनचं प्रेशर देऊन किंवा निदान साबणाच्या पाण्याने गळती शोधणं. ती बंद करणं. व्हॅक्यूम पंप लावून वीस-तीस मिनिटं नळीतली हवा आणि ओल काढणं. आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, मशीनच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरणं. हे सगळं धरून दीड टनाला २,५०० ते ४,००० रुपये योग्य आहेत. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसच्या प्रकारांच्या भावात थोडा फरक पडतो. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असतो. व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा माणसाने आणलाच नसेल तर १,५०० मध्येही ते काम महाग आहे. नळीत हवा राहिली तर कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे नळीत हवा आणि गॅस एकत्र असताना कॉम्प्रेसर चालवणं जिवावरचं काम आहे.

कॉइललाच भोक पडलं असेल तर हिशोब बदलतो. टाका लावण्याचे ८०० ते १,५०० आणि गॅस वेगळा. दोनदा टाका लावूनही गळत असेल तर नवी कॉइल, म्हणजे सहा हजारांपासून पुढे. आठ-दहा वर्षं जुन्या मशीनला एवढा खर्च मी करू देत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे नव्या मशीनचं गणित आधीपेक्षा सोपं झालं आहे.

खान्देशाचं म्हणून एक वेगळं आहे, ते बाहेरच्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात सापडत नाही. आपल्याकडे धूळ एका प्रकारची नाही. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, आसपासच्या घरांत आउटडोअरवर कापसाचा बारीक तंतू बसतो. धरणगाव रस्त्याला एका घरी मी आउटडोअरची मागची बाजू पाहिली, तर पांढरी गोधडी पांघरल्यासारखी दिसत होती. पाणी मारण्याआधी तो थर हाताने सोलून काढावा लागला. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांजवळच्या घरांत तिखट धूळ असते, ती धुताना आमच्या पोरांना डोळ्याला चष्मा आणि तोंडाला रुमाल बांधावा लागतो. भुसावळात दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूला राख. यावल-रावेरकडे केळीच्या बागांमुळे हवा जरा बरी, पण तिथे बोअरच्या पाण्यात क्षार फार. जळगावात डाळ मिलजवळ राहणाऱ्यांना फोलाचा भुगा. कोणत्या भागात राहता यावर वर्षात एकदा धुवायचं की दोनदा, हे ठरतं. पुस्तकात लिहिलेलं 'वर्षातून एकदा' इथे पुरत नाही. बहुतेक घरांना दोनदा लागतं, जिनिंगजवळ असाल तर तीनदा.

आणि आपलं ऊन. एसीच्या खोक्यावर जी क्षमता लिहिलेली असते ती बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे दीड टनाचं मशीन मुळातच दीड टन थंडावा देत नसतं, आणि त्यात आउटडोअरवर कापूस चिकटलेला. आतली उष्णता बाहेर टाकायला जागाच राहत नाही. नाशिककर जे वर्षभर न धुता खपवून घेतात, ते आपल्याला परवडत नाही.

याचे पैसे कसे होतात ते पाहा. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या दीड टनाच्या एसीला क्लॅम्प मीटर (वायरमधला करंट मोजणारं यंत्र) लावला तर स्वच्छ असताना सात अँपिअरच्या आसपास दिसतात. आउटडोअर तुंबलेलं असेल तर मे महिन्यात मी नऊपर्यंत पाहिले आहेत. दोन अँपिअर म्हणजे साधारण ४०० वॅट. रोज आठ तास एसी, त्यात कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालला असं धरलं तरी महिन्याला ५० युनिट जास्त. घाणेरडं मशीन मे महिन्यात कट-ऑफ घेतच नाही, म्हणजे कॉम्प्रेसर मध्ये थांबतच नाही, मग हेच ९०-१०० युनिट होतात. एसीच्या घरात १०० युनिटचा पहिला टप्पा केव्हाच संपलेला असतो, पुढचं युनिट सगळं धरून दहा रुपयांच्या वरच पडतं. म्हणजे ६०० रुपयांची जेट सर्व्हिस दीड महिन्यात वसूल होते. गिऱ्हाइकाला सर्व्हिसिंग घ्या असं मी जोर देऊन सांगतो ते याच्यामुळे.

आता मुलाच्या पाचशे डॉलरचं. तो चुकीचं सांगत नाही, पण त्याचं घर वेगळं आहे. तिकडे एकच मोठं यंत्र तळघरात किंवा माळ्यावर असतं आणि पत्र्याच्या नळ्यांतून सगळ्या खोल्यांत हवा जाते, थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार. त्या नळ्या साफ करायचा तो खर्च. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए एका यंत्रणेला साधारण ४५० ते १,००० डॉलर असा पल्ला सांगते. तीच संस्था आणखी एक सांगते, ते मुलाला आवर्जून सांगा: डक्ट दरवर्षी नेमाने साफ करायची गरज नाही. आत बुरशी दिसत असेल, उंदीर-किड्यांचा वावर असेल, किंवा जाळीतून धूळ खोलीत उडत असेल, तेव्हाच करावी. डक्ट धुतल्याने आजारपण टळतं असं सिद्ध झालेलं नाही, हेही तिचंच म्हणणं.

तुमच्या हॉलमधल्या डक्टलाही हाच नियम लावा. आपल्याकडे डक्टचे एसी मुख्यतः लग्नाचे हॉल, दवाखाने, कापड आणि सोन्याची दुकानं यांत असतात. घरांत थोडे. त्यामुळे नळीत ब्रश फिरवून मागून धूळ ओढणारं मशीन आमच्याकडे सहसा नसतं. नाशिक नाहीतर इंदूरहून माणसं आणावी लागतात. जाण्यायेण्याचा आणि मुक्कामाचा खर्च धरून एका हॉलच्या छोट्या डक्टचे १० ते १५ हजार सहज होतात. ते द्यायच्या आधी एक करा. स्टुलावर चढून एक ग्रिल स्क्रू ड्रायव्हरने उघडा, आत मोबाइलचा टॉर्च लावून फोटो काढा. पत्र्यावर बोटभर धूळ बसली आहे, पण ती खाली येत नाही, वास नाही, बुरशीचे काळे डाग नाहीत, तर डक्टला हात लावायचा नाही. फक्त छतातलं मशीन, त्याची कॉइल, ब्लोअर, ट्रे आणि गच्चीवरचं आउटडोअर धुऊन घ्यायचं. तेवढ्याचे १,८०० ते २,५०० होतात. फॉल्स सीलिंगमध्ये माणूस जायला झडप ठेवलेली असेल तर कमी, नसेल तर सीलिंग कापण्याचा आणि पुन्हा बसवण्याचा खर्च वेगळा. घर बांधताना ही झडप ठेवायला मी प्रत्येकाला सांगतो, तरी इंटिरिअरवाले ती विसरतात.

डक्टमध्ये 'सॅनिटायझर फॉगिंग' करून देतो म्हणून कुणी दोन हजार मागितले तर नाही म्हणा. धूळ तशीच ठेवून वरून औषधाचा धूर सोडला की तो वास महिनाभर तुमच्याच घरात फिरत राहतो. घरात दम्याचं कुणी असेल तर त्याला त्रास होणार.

कूलरचं थोडक्यात. लाकडी गवताच्या ताट्या बदलायच्या तर संच १५० ते ४०० रुपये, हनीकोंबचे पॅड ६०० ते १,५००, पाण्याची मोटर २५० ते ५००, मजुरी २००-३००. क्षाराच्या पाण्यात गवताच्या ताट्या एका हंगामात दगडासारख्या होतात, त्या धुऊन उपयोग नाही, बदला. हनीकोंब पॅड मऊ ब्रशने धुतले तर दोन-तीन उन्हाळे काढतात. टाकी मात्र आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायला हवी. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण वाढायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आठवड्याने टाकी कोरडी केली की त्याची साखळी तुटते. हे काम फुकट आहे आणि एसीच्या कुठल्याही सर्व्हिसिंगपेक्षा जास्त मोलाचं आहे.

काही जण एसीची कॉइल चकचकीत करून दाखवायला ॲसिडचं पाणी मारतात. दोन मिनिटांत पांढरा फेस येतो, कॉइल आरशासारखी दिसते, गिऱ्हाईक खूश होतं. पण कॉइलची पाती ॲल्युमिनियमची असतात आणि ॲसिड ती खातं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाती हाताने चुरडतात, मग तांब्याची नळी उघडी पडते. डबीतून उग्र वास आला, नाकाला झोंबलं, तर तिथेच थांबवा. पंपाचं प्रेशरही फार जवळून आणि तिरकं मारलं तर पाती वाकतात आणि हवा जायची वाट बंद होते. पाणी समोरून सरळ आणि हातभर अंतरावरून मारायला हवं. पाती वाकलीच असतील तर ती सरळ करायचा खास कंगवा मिळतो, कारागिराकडे तो असतो का, हे विचारून पाहा. यावरून त्याच्या हाताची पारख होते.

काम बरोबर झालं की नाही, हे ओळखायला तुम्हाला माझी गरज नाही. बाजारात दोनेकशे रुपयांत छोटा थर्मामीटर मिळतो. धुण्याआधी एसी १८ वर, पंखा जोरात ठेवून पंधरा मिनिटं चालवा. वर जिथून हवा आत ओढली जाते तिथलं तापमान घ्या, मग खालच्या तोंडाशी घ्या. फरक लिहून ठेवा. धुतल्यावर पुन्हा तसंच करा. सुक्या उन्हाळ्यात चांगल्या एसीत हा फरक ८ ते १२ अंश यायला हवा. आधी पाच होता आणि आता दहा आला, तर पैसे द्या आणि चहाही द्या. पाचच राहिला तर दुसरं काहीतरी आहे, मग गॅसचं, कपॅसिटरचं (मोटर सुरू करायला मदत करणाऱ्या भागाचं) बोलायला हरकत नाही. कपॅसिटर बदलायला भाग धरून ३५० ते ६०० लागतात, त्याच्या वर नाही.

ड्रेनच्या पाइपाचं बाहेरचं टोकही स्वतः पाहून घ्या. पावसाळ्यानंतर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. कधी पाल शिरून अडकते. पाच रुपयांची बारीक जाळी बांधली तर घरात पाणी गळण्याचा अर्धा त्रास मिटतो.

वर्षाच्या करारांबद्दल, म्हणजे एएमसीबद्दल. साध्या करारात एका एसीला वर्षाला १,५०० ते २,२०० घेतात, त्यात दोन-तीन वेळा धुणं आणि बोलावल्यावर येणं असतं. भागांसकट म्हणजे ३,५०० ते ६,०००. त्यात 'गॅस समाविष्ट' लिहिलेलं असेल तर खालची बारीक अक्षरं वाचा, कॉइलची गळती बहुतेक वेळा वगळलेली असते. तीन वर्षांच्या आतल्या मशीनला भागांसकटचा करार मी सुचवत नाही, कारण कॉम्प्रेसरची कंपनीची हमी चालूच असते. वॉरंटीतल्या मशीनचं धुण्याचं काम बाहेरच्या माणसाकडून घेतलं तरी पावती जपून ठेवा आणि त्याला नळीच्या नटांना पाना लावू देऊ नका. मोठ्या कंपन्या आणि ॲपवाले १८ टक्के जीएसटी वेगळा लावतात, तो आधीच विचारून घ्या. आमच्यासारख्या लहान माणसांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी लागत नाही, म्हणून नोंदणी नसलेल्या माणसाने बिलात जीएसटी दाखवला तर तो देऊ नका.

एका गोष्टीसाठी मात्र जास्त पैसे मागितले तर घासाघीस करू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. आउटडोअर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीला टांगलेलं असेल तर तिथे पोहोचायला शिडी, दोर, कमरेचा पट्टा आणि वर धरायला दुसरा माणूस लागतो. त्याचे ३०० ते ५०० रुपये होतात. बऱ्याच घरांतून ऐकू येतं, "मागच्या वेळचा पोरगा तर खिडकीतूनच उतरला होता." उतरला असेल. आमच्या धंद्यात वीस-बावीस वर्षांची पोरं अशी खाली पडली आहेत. एक माझ्याच हाताखाली शिकलेला होता, तो आता काठी घेऊन चालतो. दोर बांधल्याशिवाय छज्ज्यावर उतरणाऱ्याला काम देऊ नका, तो कितीही स्वस्त असला तरी. आणि नवीन घर बांधणार असाल तर आउटडोअर गच्चीवर किंवा बाल्कनीत, हात पोहोचेल असं बसवून घ्या.

आता तुमच्या घराचा हिशोब मांडतो. तीनपैकी दोन स्प्लिटला साधी जेट सर्व्हिस, ६०० प्रमाणे १,२००. ज्या एकाला वास येत असेल किंवा पाणी गळत असेल तो पूर्ण उघडून, १,४००. डक्टचं मशीन आणि गच्चीवरचं आउटडोअर २,०००. कूलरचे पॅड आणि मजुरी १,१०० च्या आसपास. म्हणजे सगळं मिळून साडेपाच ते सहा हजार. ऑक्टोबरमध्ये पावसाची ओल गेली की तिन्ही स्प्लिटला पुन्हा एक जेट, १,८००. वर्षाचा खर्च आठ हजारांच्या आत बसतो. सगळी मशीन एकाच दिवशी केली तर माणूस शे-दोनशे कमी करतो, विचारायला संकोच नको. त्या ३,२०० रुपयांच्या गॅसचं मात्र धुणं होईपर्यंत नाव काढू नका.

आणि बोलवायची वेळ. जिनिंग बऱ्यापैकी थंडावतं आणि ऊन अजून चढलेलं नसतं, तो फेब्रुवारीचा शेवट ते होळी हा काळ आमच्याकडे सगळ्यात मोकळा असतो. भाव तोच, पण आम्ही घाईत नसतो, एका एसीला दीड तास देऊ शकतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार, घर भरलेलं असणार, त्याच्या आदल्या आठवड्यात दिवसाला चाळीस फोन येतात. तेव्हा बोलावलंत तर माझ्याकडूनही तुम्हाला पंचवीस मिनिटांचंच काम मिळेल, आणि ते काम मला स्वतःलाही पटणार नाही.